आईबापांनीं मागून घेतलेली शाळा

मार्च महिन्याची पहिली तारीख उजाडली, कीं इंग्लंडांतील लाखों घरांत एकाच निरोपाची वाट पाहिली जाते. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला येत्या सप्टेंबरांत कोणत्या माध्यमिक शाळेंत जागा मिळाली, हें त्या दिवशीं कळतें. अर्ज आदल्या ऑक्टोबरच्या अखेरीसच भरून दिलेला असतो. लंडनमध्यें त्या अर्जांत सहा शाळांचीं नांवें पसंतीच्या क्रमानें लिहितां येतात. सहांपैकीं एकहि मिळाली नाहीं, तर जेथें जागा उरली असेल ती शाळा कौन्सिल सुचविते. मग ती दोन गाड्या बदलून गांठावी लागो, कीं तिचा लौकिक कसाहि असो. हा निरोप वाचून बहुतेक आईबाप थोडे दिवस चडफडतात आणि नशिबावर हवाला ठेवून मुलाचा नवा गणवेश शिवावयास टाकतात. परंतु गेल्या वीसेक वर्षांत कांहीं वस्त्यांतील आईबापांनीं चडफडण्यावर न थांबतां, "आमच्या भागांत शाळाच नाहीं, ती काढा, नाहीं तर आम्हांला काढूं द्या," असा हट्ट धरला, आणि त्यांतील कांहींनीं तो पुराहि करून घेतला.

महाराष्ट्रांतील माणसाला यांत प्रथमदर्शनीं कांहींच नवल वाटणार नाहीं. पुण्याचें न्यू इंग्लिश स्कूल १८८० सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांच्यासारख्या तरुण मंडळींनीं काढलें. पार्ल्याचें टिळक विद्यालय १९२१ सालीं तेथल्या रहिवाशांच्या उत्साहांतून उभें राहिलें. शाळा काढावयाची म्हणजे चार माणसांनीं एकत्र बसावें, एखाद्याची ओसरी मागून घ्यावी आणि वर्गणीची वही फिरवावी, ही रीत येथें पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. इंग्लंडांत गोष्ट निराळी. तेथें १९४४ च्या शिक्षणविषयक कायद्यानें सरकारी मदतीच्या माध्यमिक शाळांतील फी रद्द झाली, आणि प्रत्येक मुलासाठीं शाळेची सोय करण्याचा भार स्थानिक अधिकाऱ्यांवर आला. तेव्हांपासून तेथील सामान्य गृहस्थाच्या लेखीं शाळा ही नळाच्या पाण्यासारखी झाली. पाणी आलें नाहीं तर तक्रार करावी. स्वत: विहीर खणण्याचा विचार कोणी करीत नाहीं.

मग हें पाणी आटलें कसें? याचें मूळ प्रवेशाच्या नियमांत आहे. शाळेकडे जागांपेक्षां अर्ज अधिक आले, म्हणजे सरकारी संगोपनांतील मुलांना पहिला मान मिळतो. पुढें बहुधा त्याच शाळेंत शिकत असलेल्यांच्या धाकट्या भावंडांची पाळी येते, आणि उरलेल्या जागा घर व शाळा यांमधील अंतर मोजून दिल्या जातात. हें अंतर पुष्कळ ठिकाणीं नकाशावर सरळ रेषेंत मोजतात. शाळेला मागणी जितकी जास्त, तितकें तिच्याभोंवतीचें वर्तुळ लहान. अशा दोन शाळांच्या मधोमध राहणारें मूल एकीच्या वर्तुळांत बसत नाहीं आणि दुसरीच्याहि नाहीं. चर्चच्या शाळा पुष्कळदां उपासनेला नियमानें येणाऱ्या घरांकडे आधीं पाहतात. ज्याच्याजवळ पैसा आहे तो शाळेजवळ घर विकत घेतो, त्यामुळें तेथील घरांच्या किंमती चढतात, आणि वर्तुळाबाहेर राहतात ते मुख्यत्वें ज्यांना घर बदलणें परवडत नाहीं ते. अंतराचा नियम दिसावयास अगदीं नि:पक्षपाती. पण फूटपट्टी कोठून धरावयाची, हें घराच्या भाड्यानें ठरतें.

लंडनच्या अंतर्भागांत याला आणखी एक कारण जोडलें गेलें. १९७० नंतरच्या काळांत तेथील मुलांची संख्या घटत गेली, आणि त्या काळच्या शिक्षणाधिकाऱ्यांनीं कित्येक शाळा मिटवून टाकल्या किंवा एकींत एक मिसळल्या. १९९० सालीं त्या भागाचें एकत्रित शिक्षणखातें मोडलें व प्रत्येक बरोची कौन्सिल आपापल्या शाळा पाहूं लागली. त्याच्या आदल्याच वर्षीं ग्रीनिच बरोच्या खटल्यांत असा निकाल झाला होता, कीं केवळ आपल्या हद्दीबाहेरचें म्हणून कोणत्याहि कौन्सिलला एखादें मूल मागें सारतां येणार नाहीं. निकाल न्यायाचाच होता. पण ज्या बरोंत शाळा थोड्या, तेथील मुलें शेजारच्या बरोंत जाऊं लागलीं, आणि एवढीं मुलें बाहेर सामावतात तर घरीं नवी शाळा कशाला, असें म्हणावयास कौन्सिलांना जागा राहिली.

दक्षिण लंडनमधील लँबेथ हा असाच बरो. तेथील मुलांचा मोठा भाग माध्यमिक शिक्षणासाठीं हद्दीबाहेर जात असे. वेस्ट नॉरवुडच्या बाजूच्या आईबापांनीं सभा भरविल्या, सह्या गोळा केल्या, कौन्सिलरांच्या दारांत खेटे घातले. आणि शेवटीं शाळेची योजनाच स्वत: लिहून काढली. कौन्सिलनें ती उचलून धरली. २००७ सालीं एल्मग्रीन नांवाची शाळा तात्पुरत्या जागेंत सुरू झाली आणि दोन वर्षांनीं आपल्या नव्या इमारतींत गेली. पालकांच्या पुढाकारानें निघालेली इंग्लंडांतील पहिली सरकारी माध्यमिक शाळा म्हणून तिचें नांव घेतात. यांतील एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्या पालकांनीं कौन्सिलला दूर सारलें नाहीं. तिलाच ओढून कामाला लावलें.

सफोक परगण्यांतील क्लेअर या लहानशा गांवची गोष्ट शहरी नाहीं, म्हणून ती वेगळी सांगितली पाहिजे. तेथें नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांसाठीं 'मधली शाळा' होती. परगण्याच्या कौन्सिलनें ही तीन टप्प्यांची पद्धत मोडून दोन टप्प्यांची करावयाचें ठरविलें, तेव्हां क्लेअरची शाळा बंद होणार आणि अकराव्या वर्षापासून गांवच्या मुलांना रोज दुसऱ्या गांवीं बसनें जावें लागणार, असें दिसूं लागलें. गांवकऱ्यांनीं त्याच इमारतींत सोळा वर्षांपर्यंतची शाळा मागितली, आणि २०११ च्या सप्टेंबरांत ती उघडली. लहान गांवांतून शाळा गेली म्हणजे तिच्या मागोमाग काय काय जातें, हें कोंकणांतल्या कोणाहि माणसाला सांगावयास नको.

मध्यंतरीं कायदा बदलला होता. स्वीडनमध्यें १९९२ पासून खासगी मंडळांनीं काढलेल्या शाळांना दर मुलामागें सरकारी पैसा मिळूं लागला होता. तें उदाहरण पुढें ठेवून इंग्लंडच्या सरकारनें २०१० च्या कायद्यान्वयें 'फ्री स्कूल' नांवाच्या शाळांना वाट करून दिली. मायकेल गोव्ह त्या वेळीं शिक्षणमंत्री होते. येथें 'फ्री' म्हणजे केवळ मोफत नव्हे, तर स्थानिक कौन्सिलच्या हुकमतींतून मोकळी. फी घ्यावयाची नाहीं, नफा काढावयाचा नाहीं, परीक्षा घेऊन हुशार मुलें निवडावयाचीं नाहींत. मात्र अभ्यासक्रम, शाळेच्या वेळा आणि शिक्षकांचे पगार शाळेनें ठरवावे, आणि पैसा थेट मध्यवर्ती सरकारनें द्यावा. पहिल्या वर्षीं, २०११ सालीं, अशा २४ शाळा उघडल्या. क्लेअरची शाळा त्यांतलीच एक.

परवानगी मिळवावयाची तर काय करावें लागे, तें पाहिलें म्हणजे या आईबापांच्या चिकाटीची कल्पना येते. "शाळा हवी" एवढ्या सह्या पुरत नसत. ज्यांचीं मुलें नेमक्या त्या वर्षीं अकरा वर्षांचीं होणार, अशा पालकांकडून "आम्ही हीच शाळा पहिल्या पसंतीची म्हणून लिहूं" असें लेखी घ्यावें लागे. याचा अर्थ, संध्याकाळीं प्राथमिक शाळांच्या फाटकाशीं उभें राहावयाचें आणि जी शाळा अजून कागदावरहि धड उतरली नाहीं, तिच्यासाठीं अनोळखी आईकडून तिच्या मुलाचें वचन मागावयाचें. त्यानंतर अभ्यासक्रमाचा आराखडा, वर्षावर्षाचा जमाखर्च, विश्वस्तांच्या पात्रतेचे दाखले, आणि शेवटीं शिक्षणखात्यांत समक्ष मुलाखत. दिवसभर नोकरी करून रात्रीं हें सारें लिहिणाऱ्यांपैकीं कित्येकांना मनांतून माहीत असे, कीं शाळा उघडेपर्यंत आपलें थोरलें मूल तिच्या वयाचें राहणार नाहीं. ज्याच्यासाठीं धडपड आरंभली तें दुसरीकडे कोठें तरी शिकावयास जातें. फळ शेजाऱ्याच्या मुलाला मिळतें.

कागद मंजूर झाले, तरी जागेचा प्रश्न उरतो, आणि लंडनसारख्या शहरांत सर्वांत अवघड तोच. पश्चिम लंडनमध्यें टोबी यंग या पत्रकारानें कांहीं पालकांसह काढलेली 'वेस्ट लंडन फ्री स्कूल' ही या प्रकारांतील सर्वांत गाजलेली शाळा. तिनें लॅटिन भाषा खालच्या वर्गांना सक्तीची केली. २०११ सालीं १२० मुलांनिशीं ती तात्पुरत्या जागेंत सुरू झाली, आणि पुढें हॅमरस्मिथमधील पॅलिंग्जविक हाउस या जुन्या वास्तूंत गेली. ही वास्तु मात्र रिकामी पडलेली नव्हती. निर्वासितांना आणि गोरगरिबांना मदत करणाऱ्या कित्येक संस्थांच्या कचेऱ्या तेथें होत्या. इमारत विकावयाची ठरली आणि त्यांना आपलें बिऱ्हाड हलवावें लागलें. एका मंडळीची निकड भागते ती दुसरीच्या छपराखालीं, असें शहरांत वारंवार घडतें. दक्षिणेस वँड्सवर्थमध्यें पालकांच्या चळवळीला यश येऊन २०१२ सालीं जुन्या बोलिंगब्रोक रुग्णालयाच्या वास्तूंत शाळा भरूं लागली. तेथें वाद निघाला तो, कोणकोणत्या प्राथमिक शाळांतील मुलांना आधीं घ्यावयाचें यावरून. पहिल्या यादींत सुखवस्तु वस्तीच्या शाळा होत्या आणि जवळचीच एक गरीब वस्तीची शाळा नव्हती. ओरड झाल्यावर तिचें नांव घातलें गेलें.

नव्या शाळेचें पहिलें वर्ष कसें असतें, हें बाहेरच्याला सहसा ठाऊक नसतें. बहुतेक शाळा अकरा वर्षांच्या मुलांचे तेवढे वर्ग घेऊन सुरू होतात. दर वर्षीं वर एक इयत्ता वाढते, आणि शाळा पूर्ण भरावयास पांच ते सात वर्षें लागतात. तोंवर मैदानावर थोरलीं मुलें नाहींत, परीक्षांचे निकाल नाहींत, वाचनालयांत वापरून मऊ पडलेलीं पुस्तकें नाहींत. थोड्या मुलांना थोडेच शिक्षक मिळतात. तेव्हां भूगोल शिकविणाऱ्यानें इतिहासहि घ्यावा आणि विज्ञानाच्या बाईंनीं गणिताचा तासहि भरून काढावा, असें चालतें. पण याची दुसरीहि बाजू आहे. मुख्याध्यापकाला प्रत्येक मुलाचें नांव माहीत असतें, आणि शाळेच्या चालीरीती त्याच मुलांच्या हातून पडतात. पहिल्या तुकडींत शिकलेल्यांना शाळेविषयीं जो आपलेपणा वाटतो, तो पुढच्यांना क्वचितच वाटतो. चळवळ करणाऱ्या आईबापांची खरी कसोटी येथेंच लागते, कारण आतां त्यांनीं बाजूला व्हावयाचें असतें. शाळा मागणें हें पालकांचें काम. ती चालविणें हें शिक्षकांचें. सर्वांनाच तें साधत नाहीं. वेस्ट लंडनच्या शाळेंत पहिल्या थोड्या वर्षांत मुख्याध्यापक एकाहून अधिक वेळां बदलले. २०१६ सालीं स्वत: यंग यांनीं कबूल केलें, कीं शाळा चांगली चालविणें वाटलें होतें त्याहून फार कठीण असून, शिक्षकांवर टीका करतांना आपल्याला त्याची पुरती जाणीव नव्हती. एवढें मोकळेपणानें म्हणणारे थोडेच.

विरोधकांचें म्हणणेंहि ऐकलें पाहिजे. इंग्लंडांत पैसा मुलामागें येतो. शेजारच्या जुन्या शाळेंतून तीस मुलें नव्या शाळेकडे वळलीं, म्हणजे तीस मुलांचा पैसा गेला. पण तीं तीस एकाच वर्गांतून जात नाहींत. पांच मुलें या वर्गांतून, सहा त्या वर्गांतून, अशीं जातात. वर्ग तितकेच राहतात, शिक्षक तितकेच लागतात, इमारत तापवावयास कोळसा म्हणा वा गॅस म्हणा, तेवढाच लागतो. प्रथम संगीताचा शिक्षक जातो, मग जर्मन भाषेचा वर्ग मिटतो. म्हणून जेथें जागांची खरी टंचाई आहे तेथेंच शाळा काढावी, असा शिक्षकसंघांचा आग्रह होता, आणि तो निराधार नव्हता. सरकारी हिशेबतपासनिसांच्या २०१३ च्या अहवालांत असें दिसून आलें, कीं नव्या फ्री स्कूलांतील प्राथमिक जागांपैकीं ८७ टक्के टंचाईच्या भागांत होत्या, तर माध्यमिक जागांपैकीं तशा केवळ १९ टक्के. पालकांची मागणी आणि मुलांची गणती या दोन गोष्टी नेहमींच एका ठिकाणीं पडत नाहींत. ज्यांना अर्ज लिहितां येतो, सभेंत बोलतां येतें, ज्यांच्या ओळखीचा एखादा वकील वा हिशेबनीस असतो, त्यांची मागणी लवकर ऐकूं येते.

पुढें पालक स्वत:च मागें पडत गेले. २०१८ सालच्या एका पाहणींत आढळलें, कीं आरंभींच्या वर्षांत माध्यमिक फ्री स्कूलांपैकीं चाळीस टक्क्यांहून अधिक शाळांच्या स्थापनेंत पालकांचा हात होता. २०१५ नंतर तें प्रमाण विसाच्याहि खालीं आलें. त्यांची जागा अनेक शाळा चालविणाऱ्या मोठमोठ्या विश्वस्तसंस्थांनीं घेतली. त्यांच्यापाशीं तयार आराखडे असतात, तयार माणसें असतात. २०२४ सालीं सरकार बदललें, आणि नव्या मंत्रिमंडळानें ४४ नियोजित शाळांचें काम थांबवून त्यांचा फेरविचार आरंभिला.

त्याला एक साधें कारण होतें. इंग्लंडांतील जन्मसंख्या २०१२ च्या सुमारास शिगेला पोंचली आणि नंतर उतरत गेली. शिवाय लंडनमधील घरभाड्याला कंटाळून लहान मुलांचीं कुटुंबें शहराबाहेर जाऊं लागलीं. लँबेथमध्येंच, जेथें आईबापांनीं शाळेसाठीं एवढा आटापिटा केला, तेथें १६८५ सालीं स्थापन झालेली आर्चबिशप टेनिसन शाळा पुरेशीं मुलें नाहींत म्हणून २०२३ सालीं बंद झाली. पुढल्या वर्षीं टल्स हिलवरील सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स ही १६९९ सालची मुलींची शाळाहि बंद पडली. एल्मग्रीन शाळा तेथून पायीं जाण्याइतक्या अंतरावर आहे. बंद होणाऱ्या शाळेंतल्या मुलींच्या आईबापांनींहि सभा भरविल्या आणि सह्या गोळा केल्या होत्या.