नसलेल्या फ्लॉपीचा धोका

एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक संगणक एकाच वेळी नांदू शकतात, हे प्रथमदर्शनी नवलाचे वाटते. परंतु आजच्या संगणक-केंद्रांत ही नित्याची व्यवस्था होऊन बसली आहे. मूळ यंत्रास ‘यजमान’ आणि त्यावर चालणाऱ्या प्रत्येक आभासी संगणकास ‘अतिथी’ म्हणतात. एका चाळीत अनेक बिऱ्हाडे राहावीत, त्याप्रमाणे परस्परांशी संबंध नसलेल्या संस्थांची कामे एकाच यजमानावर चालतात. मधल्या भिंती पक्क्या असतील, तरच या बिऱ्हाडांना निर्धास्त राहता येते.

अतिथीस चकती, कळफलक, पडदा इत्यादी उपकरणे लागतात. खरी उपकरणे सर्वांच्या हाती देणे शक्य नसल्यामुळे यजमानावरील एक प्रोग्राम त्यांचे सोंग घेतो. अतिथीने आज्ञा करावी आणि या प्रोग्रामने खऱ्या उपकरणाप्रमाणे उत्तर द्यावे, असा हा व्यवहार असतो. ‘क्यूएमू’ हा अशा प्रकारचा प्रसिद्ध प्रोग्राम होय. ‘झेन’ आणि ‘केव्हीएम’ या प्रणालीही त्याच्या उपकरण-विभागाचा उपयोग करतात.

या क्यूएमूमधील आभासी फ्लॉपी-नियंत्रकात २००४ पासून एक दोष दडून राहिला होता. अतिथीकडून येणारा मजकूर ठेवण्यासाठी नियंत्रकात ५१२ बाइटांची जागा राखलेली होती. पुढचा बाइट कोठे ठेवावयाचा, हे एक स्थानदर्शक अंक सांगत असे, आणि आज्ञा पुरी होताच तो अंक पुन्हा शून्यावर येत असे. दोन आज्ञांच्या बाबतीत मात्र तो तत्काळ शून्यावर येत नसे. अशा वेळी अतिथी बाइट धाडीतच राहिला, तर अंक मर्यादा ओलांडी आणि राखीव जागेपलीकडील यजमानाच्या स्मृतीत परका मजकूर उमटे. या मजकुराची हेतुपूर्वक जुळणी केल्यास भिंत फोडून यजमानाच्या हद्दीत शिरणे शक्य होते.

‘क्राउडस्ट्राइक’ या कंपनीतील संशोधक जेसन गेफ्नर यांना हा दोष आढळला. मे २०१५ मध्ये तो ‘व्हेनम’, म्हणजे विष, या नावाने जाहीर झाला. तोपर्यंत फ्लॉपीचा वापर जवळजवळ संपला होता. तथापि अतिथीस फ्लॉपी जोडलेली नसतानाही तिचा नियंत्रक जागाच राहत असल्यामुळे धोका टळत नव्हता.

दोषाच्या मानाने उपाय अगदी लहान होता. बाइट ठेवण्यापूर्वी स्थानदर्शक अंकास ५१२ ने भागावे आणि उरणारी बाकी हेच स्थान मानावे, असा नियम प्रोग्राममध्ये घालण्यात आला. घड्याळाचा काटा बारानंतर पुन्हा एकावर येतो, त्याप्रमाणे ५११ नंतरचे स्थान आता शून्य ठरते. आज्ञा कोणतीही असो, मजकूर राखीव जागेबाहेर जाऊ शकत नाही.

परंतु दुरुस्त प्रोग्राम यंत्रावर आणून ठेवल्याने काम पुरे होत नाही. चालू असलेले अतिथी स्मृतीतील जुन्याच प्रतीवर चालत राहतात. त्यांना पूर्णपणे बंद करून नव्याने सुरू करावे लागते किंवा दुरुस्त यजमानावर हलवावे लागते.

उपयोग संपलेल्या वस्तूकडे सहसा कोणी पाहत नाही; म्हणूनच तिच्यातील फट दीर्घकाळ राहते. अतिथीकडून येणारा प्रत्येक अंक तपासूनच स्वीकारावा आणि न लागणारे उपकरण मुळात ठेवूच नये, हा या प्रकरणाचा बोध होय.