पनवेलकडे घर घेताना

मे महिन्याची सुट्टी लागली की मुंबईचे नातेवाईक आमच्याकडे पनवेलला येतात आणि एक प्रश्न ठरलेला असतो: इकडे घर घ्यावं का? विचारणारे कुर्ल्याचे असतात, गोवंडीचे, मुंब्र्याचे, डोंगरी-मदनपुऱ्याचे. एका खोलीत दोन भावांचे संसार झालेले असतात, मुलगी दहावीला आलेली असते आणि तिला अभ्यासाला कोपरा नसतो. कुणीतरी हातात रंगीत पत्रक दिलेलं असतं. विमानतळ दहा मिनिटांवर, स्टेशन पाच मिनिटांवर, बाकी रक्कम सोयीच्या हप्त्यांनी. आम्ही याच तालुक्यात राहतो, इथल्याच मुलांना शिकवतो, म्हणून आमच्याकडून 'घ्या' किंवा 'घेऊ नका' एवढंच उत्तर हवं असतं. तसं ते देता येत नाही.

आधी कुठलं पनवेल, ते ठरवावं लागतं. एक जुनं गाव आहे. १८५२ साली इथे नगरपालिका झाली. वडाळे, विसराळे, कृष्णाळे, देवाळे ही तलावांची नावं आजही पत्ता सांगताना उपयोगी पडतात आणि मुस्लिम मोहल्ल्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कोकणी घराणी आहेत. दुसरं सिडकोने वसवलेलं: नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर, तळोजा. १ ऑक्टोबर २०१६ पासून जुनं गाव आणि या वसाहती एकाच महापालिकेत आल्या. तिसरं पनवेल म्हणजे नवीन पनवेलच्या पूर्वेची गावं, विचुंबे, देवद, सुकापूर, उसर्ली, आकुर्ली, पुढे नेरे. कागदावर ही गावं, डोळ्यांना शहर. भाताच्या खाचराला लागून सात मजली इमारत उभी. आणि चौथं, पळस्पे, शेडुंग, आपटा, रसायनीकडचं, जिथे अजून शेती, वीटभट्टी आणि कारखाना शेजारी शेजारी आहेत.

पत्रकावर या सगळ्यांना 'पनवेल'च लिहिलेलं असतं. भावातला फरक मात्र मोठा आहे. सिडकोने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या घरांच्या किमती जाहीर केल्या, तेव्हा तळोज्याच्या सेक्टर २८ मधलं घर २५ लाख १० हजारांना होतं आणि त्याच योजनेतलं वाशीचं ७४ लाख १० हजारांना. उत्पन्न गट वेगळे होते हे खरं, पण दोन्ही घरं छोटीच. मधले हे लाखो रुपये कशाचे असतात? रस्त्याचे, पाण्याचे, शाळेचे, दवाखान्याचे, आणि मुख्य म्हणजे वेळेचे.

वेळेचंच पाहू. पनवेल हे हार्बर मार्गाचं शेवटचं स्थानक, त्यामुळे सकाळी बसायला जागा मिळण्याची आशा असते. कुर्ल्याच्या फलाटावर रोज लढाई करणाऱ्याला याची किंमत कळेल. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत लोकलला साधारण एक तास वीस मिनिटं लागतात. पण सुकापूर किंवा नेऱ्याहून आधी स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा, तिथली रांग, मुंबईत उतरल्यावर पुन्हा बस. जाऊन-येऊन साडेतीन तास धरले आणि महिन्याचे पंचवीस दिवस कामाचे धरले, तर सत्त्याऐंशी तास प्रवासात जातात. आठ तासांच्या पाळीने मोजलं तर अकरा दिवसांची मजुरी. मेट्रोचं नाव सगळे घेतात. बेलापूर ते पेंधर ही अकरा स्थानकांची मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली आणि तळोज्याच्या लोकांना तिने खरोखर सुख दिलं, पण ती पनवेल स्टेशनला येत नाही. १२ जानेवारी २०२४ ला सुरू झालेला अटल सेतू गाडीवाल्यांचा; सुरू झाला तेव्हा मोटारीला एका फेरीचा टोल २५० रुपये ठरला. विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि त्याच डिसेंबरात विमानं उडू लागली. तिथे किंवा तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत काम मिळालं तर इथे राहण्यासारखं सुख नाही. नोकरी मुंबईतच राहणार असेल, तर विमान डोक्यावरून जातं एवढंच.

पुरुषाच्या प्रवासाचा हिशेब निदान होतो तरी. घरातल्या बाईचा कुणी करत नाही. आमच्या एका विद्यार्थिनीची आई गोवंडीत घरबसल्या जरीचं काम करायची. माल देणारा गल्लीतच होता. आठवड्याला हातात चार पैसे यायचे. इकडे आल्यावर घर मोठं झालं, हवा आली, पण माल आणून देणारं कुणी राहिलं नाही. बहीण, नणंद, ओळखीची डॉक्टरीण सगळ्या तिकडे. तिसऱ्या मजल्यावर दिवसभर ती एकटी असते. घर पाहायला येताना पुरुष मंडळी रविवारी येतात, तासाभरात इमारत पाहून जातात. आमचं म्हणणं, बायकांना आणावं, आणि कामाच्या दिवशी आणावं. भाजी किती लांब आहे, रात्री मूल तापलं तर रिक्षा मिळेल का, हे त्या पहिल्या फेरीत ओळखतात.

पाणी हा इथला जुना दुखवटा आहे. गाढी नदीवर देहरंगला पनवेलचं स्वतःचं धरण आहे, पण गाळ आणि वाढती वस्ती यांपुढे ते पुरं पडत नाही. सिडकोच्या काही वसाहतींना पेणकडच्या हेटवणे धरणाचं पाणी येतं. गावांकडच्या नव्या इमारतींची भिस्त बोअरवेलवर आणि टँकरवर. बिल्डर सांगतो, चोवीस तास पाणी. ते टाकीतलं असतं आणि टाकी भरण्याचे पैसे सोसायटीच्या महिन्याच्या वर्गणीत येतात. म्हणून इमारतीत आधीपासून राहणाऱ्याला एप्रिल-मेमधली वर्गणी विचारा. पावसाळ्याचा प्रश्न उलटा. २६ जुलै २००५ चा पूर अजून लोकांच्या बोलण्यात आहे. गाढीकाठी किंवा खोलगट भागात तळमजल्यावर घर घेणार असाल तर जुन्या रहिवाशांना भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं ते दाखवायला सांगा. तळोज्याकडे हवेचा त्रास आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये कारखान्याच्या रंगाने निळी पडलेली भटकी कुत्री इथलीच, कासाडी नदीच्या परिसरातली; त्यांचे फोटो जगभर गेले. घरात दम्याचं माणूस असेल तर तिथे एखादी रात्र काढून, पहाटेची हवा छातीला कशी लागते ते पाहूनच ठरवावं.

आता कागदांविषयी, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण आपल्या समाजातली कुटुंबं इथेच जास्त अडकतात असं आम्हाला दिसतं.

आपल्यातले बरेच जण व्याजाचं कर्ज टाळतात. दागिने मोडून, गावची जमीन विकून, बिशीचे पैसे लावून घर घेतात, आणि उरलेली रक्कम बिल्डरला हप्त्यांनी देतात. नियत चांगली आहे. पण बँक कर्ज देते तेव्हा तिचा वकील आधी जमिनीचे कागद तपासतो, बांधकामाला परवानगी आहे का पाहतो. ते नसेल तर बँक पैसे देत नाही. कर्ज न घेणारा माणूस बँकेच्या व्याजापासून वाचतो आणि तिच्या वकिलापासूनही वाचतो. ज्या इमारतीला कुठलीही बँक उभी राहत नाही, ती इमारत विकणारा मग अशाच गिऱ्हाइकाच्या शोधात असतो. तो सलाम करतो, 'आपलेच लोक आहोत' म्हणतो, बिनव्याजी हप्ते देतो आणि स्टॅम्पपेपरवर नोटरीची सही करून देतो. नोटरीने घर नावावर होत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलाच दस्त लागतो. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३० हजार रुपये. घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही आहे. मुद्रांकाचे पैसे वाचवले म्हणून खूश होणारे पुढे सगळेच घालवून बसलेले आम्ही पाहिले आहेत.

कर्ज घ्यायचं नसेल तर बँकेच्या वकिलाचं काम आपणच, आपल्या खर्चाने, एखाद्या वकिलाकडून करून घ्यायचं. सातबारा आणि फेरफार पाहायचे. जमीन बिनशेती झाली आहे का ते पाहायचं. पनवेलच्या गावांत आणखी एक गोष्ट आहे. विमानतळाभोवतीच्या गावांचा 'नैना' नावाचा पट्टा जानेवारी २०१३ मध्ये ठरला आणि तिथल्या नियोजनाचं काम सिडकोकडे गेलं. तेव्हा बिल्डर ग्रामपंचायतीचा कागद दाखवत असेल, तर सिडकोची परवानगी कुठे आहे ते विचारायचं. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे, आणि वीज मीटर लागलं म्हणजे इमारत कायदेशीर झाली असंही नव्हे. इमारत तयार असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागायचं. नवी असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक घेऊन तो स्वतः तपासायचा. आठपेक्षा जास्त घरं आणि पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठा भूखंड असेल तर ही नोंदणी लागतेच. त्याच कायद्याने नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. भाव विचारायचा तो चटई क्षेत्राचा. पैसे चेकने किंवा बँकेतूनच द्यायचे.

शेतजमिनीचे एक-दोन गुंठे 'फार्महाऊस'साठी विकणारेही फिरत असतात. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहसा घेता येत नाही, आणि जमिनीचे असे तुकडे पाडण्यावर १९४७ पासून कायदा आहे. अशा गुंठ्याच्या नादी लागू नये, एवढंच आम्ही म्हणू.

एवढी चौकशी केली तर समोरचा नाराज होतो, 'भरोसा नाही का' म्हणतो. कुरआनमधली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून आणि साक्षीदार ठेवून करण्याविषयी आहे. तेव्हा कागद मागण्यात अविश्वास कसला?

शाळेचा विषय आमच्या रोजच्या कामाचा, पण थोडक्यात सांगतो. जुन्या पनवेलमध्ये उर्दू माध्यमाची सोय आहे. गावांकडे जसजसं जाल तसतशी ती विरळ होते, आणि आठवीनंतर तर जास्तच. सातवीपर्यंत उर्दूत शिकलेली मुलगी अंतरामुळे घरी बसली, असं व्हायला नको. घर ठरवण्याआधी शाळा पाहा, आणि दहावीच्या वर्षी मुलांची शाळा बदलू नका. पहिली ते आठवीत दाखला यायला उशीर झाला म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे, मुख्याध्यापकांना अदबीने सांगा. मराठी आता सगळ्याच शाळांत सक्तीची आहे, तेव्हा उत्तरेकडून मुंबईत आलेल्या कुटुंबांनी तिला घाबरू नये. इथले कोकणी मुसलमान घरात जी बोली बोलतात ती मराठीच्या कुशीतलीच आहे. शेजारच्या बायकांशी बोलत बोलत मुलं वर्षभरात शिकतात. पुढच्या शिक्षणाला नवीन पनवेलमध्येच अंजुमन-ए-इस्लामचं काळसेकर तंत्रशिक्षण संकुल आहे, पिल्लई आणि चांगू काना ठाकूर ही महाविद्यालयं आहेत. अकरावीनंतर मुलींना मुंबई गाठावी लागत नाही, ही पनवेलची मोठी जमेची बाजू.

काही गोष्टी पत्रकावर कधीच येत नाहीत. जवळची मशीद लोक विचारतात, कब्रस्तान विचारत नाहीत. नव्या वसाहतींतून मय्यत किती लांब न्यावी लागते, तिथल्या जमातीची बाहेरून आलेल्यांसाठी काय पद्धत आहे, हे म्हातारे आई-वडील सोबत असतील तर आधीच विचारून ठेवावं. आणि हेही खरं, की काही सोसायट्यांत फोनवर रिकामा असलेला फ्लॅट आपलं नाव सांगितल्यावर 'आत्ताच गेला' असा होतो. आमच्या ओळखीत हे अनेकांना घडलं आहे. त्याच तालुक्यात आगरी घरमालकाने ईदला शेवया मागून घेतलेल्याही आम्हाला ठाऊक आहेत. हे घराघरावर आहे. पण या अनुभवामुळे घाईने, मिळेल ते, कागद न पाहता घेणाऱ्यांची संख्या वाढते, हे वाईट.

इथल्या जुन्या माणसांविषयीही दोन शब्द. ज्या जमिनीवर ही शहरं उभी राहिली ती आगरी, कोळी, कोकणी मुसलमान यांची भातशेती आणि मिठागरं होती. १९८४ च्या जानेवारीत याच जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांचे जीव गेले, आणि साडेबारा टक्के भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली. विमानतळासाठी दहा गावं उठली. नव्याने येणाऱ्याने हे माहीत करून घेतलं तर शेजाऱ्याचा कोरडेपणा कधी कधी समजतो.

मग काय करावं? ज्यांना घाई नाही त्यांना आम्ही सांगतो, आधी भाड्याने येऊन राहा. मुंबईची खोली लगेच विकू नका. भाड्याचा करारही नोंदवूनच करा, तो कायदा आहे आणि शाळेच्या, गॅसच्या, आधारच्या पत्त्याला उपयोगी पडतो. अकरा महिने धरायचे तर जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा. शाळेचं वर्षही त्याच सुमारास सुरू होतं, जुलैचा मोठा पाऊस त्यात येतो आणि करार संपायच्या आत एप्रिलचं पाणीही पाहून होतं.