एका गुणाची किंमत

विद्यार्थी मित्रांनो, टीव्हीवर मोटारींची शर्यत तुम्ही कधीतरी पाहिली असेल. रंगीबेरंगी मोटारी वाऱ्याच्या वेगाने धावतात, वळणावर एकमेकींना मागे टाकतात आणि शेवटी पहिल्या तीन चालकांना चषक मिळतात. आपले सारे लक्ष त्या तिघांवर असते. सर्वांत शेवटी येणाऱ्या मोटारीकडे कोण पाहणार?

या पाठात आपण अशाच एका मागे राहणाऱ्या संघाची ओळख करून घेऊ. त्याचे नाव मिनार्दी. फॉर्म्युला वन ही मोटारींची जगप्रसिद्ध स्पर्धा आहे. तिच्यात हा संघ १९८५ पासून २००५ पर्यंत, म्हणजे एकवीस वर्षे धावला. त्याने ३४० शर्यतींत भाग घेतला, पण त्याचा एकही चालक पहिल्या तिघांत आला नाही. तरीही या संघावर जीव लावणारे लोक जगभर होते. असे का, हे समजण्यासाठी आधी या खेळाचा हिशेब समजून घ्यायला हवा.

इटली देशात फाएन्झा नावाचे एक लहान शहर आहे. चिनी मातीच्या सुंदर भांड्यांसाठी ते शेकडो वर्षांपासून प्रसिद्ध आहे. याच शहरात जानकार्लो मिनार्दी यांच्या घराण्याचा फियाट मोटारी विकण्याचा धंदा होता. जानकार्लो यांना शर्यतींची फार आवड. आधी त्यांनी लहान दर्जाच्या शर्यतींत संघ उतरवला आणि मग १९८५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पाऊल टाकले.

तुम्ही म्हणाल, संघ चालवायला असा कितीसा खर्च येतो? एक मोटार घेतली की झाले! पण तसे नाही. ही मोटार बाजारात विकत मिळत नाही. प्रत्येक संघाला आपली मोटार स्वतः तयार करावी लागते. नियम बदलतात, दुसरे संघ पुढे जातात, म्हणून दरवर्षी नवी मोटार बनवावी लागते. त्यासाठी अभियंते आणि कुशल कारागीर लागतात. मोटारीवर वाऱ्याचा दाब कसा पडतो, हे पाहण्यासाठी एका बंद बोगद्यात मोठ्या पंख्याने वारा सोडून तिची प्रतिकृती तपासतात. या तपासणीलाही भरपूर पैसा लागतो. लहान संघांना इंजिन दुसऱ्या कंपनीकडून विकत घ्यावे लागते. शिवाय शर्यती एका देशात होत नाहीत. आज ऑस्ट्रेलिया, उद्या ब्राझील, परवा जपान! मोटारी, अवजारे आणि माणसे घेऊन संघाला सगळीकडे जावे लागते.

हा पैसा येतो कोठून? त्याचे मुख्य मार्ग तीन. पहिला मार्ग प्रायोजकांचा. मोटारीवर आपल्या मालाचे नाव लिहिण्यासाठी ज्या कंपन्या पैसे देतात, त्यांना प्रायोजक म्हणतात. दुसरा मार्ग बक्षिसाच्या रकमेचा. वर्षाच्या शेवटी गुणांप्रमाणे संघांचा क्रम लागतो आणि वरच्या संघांना मोठा वाटा मिळतो. तिसरा मार्ग चालकांचा. काही चालक स्वतःचे प्रायोजक बरोबर आणतात आणि त्या बदल्यात त्यांना मोटार मिळते.

आता यातली अडचण पाहा. प्रायोजकाला पुढे धावणारी मोटार हवी असते, कारण टीव्हीवर तीच जास्त दिसते. मोटार पुढे धावायची तर पैसा हवा. पैसा हवा तर प्रायोजक हवा. म्हणजे ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्याकडे आणखी येतो आणि ज्याच्याकडे नाही तो मागेच राहतो. मिनार्दी संघ या चक्रात वर्षानुवर्षे सापडला होता.

अशा संघाला एक गुण म्हणजे काय, हे १९९९ सालच्या एका शर्यतीवरून कळते. त्या काळी पहिल्या सहा चालकांनाच गुण मिळत. पहिल्याला दहा, सहाव्याला फक्त एक. जर्मनीतील न्यूरबर्गरिंग येथे त्या दिवशी पाऊस ये-जा करत होता. मोठमोठ्या संघांच्या मोटारी घसरत होत्या, बंद पडत होत्या. मिनार्दीचा चालक लुका बादोएर मात्र शांतपणे पुढे सरकत चौथ्या क्रमांकावर पोहोचला. चौथा क्रमांक म्हणजे तीन गुण! आता फक्त तेरा फेऱ्या उरल्या होत्या. एवढ्यात त्याच्या मोटारीचा गिअरबॉक्स निकामी झाला. बादोएर खाली उतरला, मोटारीशेजारी गुडघे टेकून बसला आणि ढसाढसा रडला.

हा एक बिघाड केवळ गरिबीमुळेच झाला, असे म्हणता येणार नाही. श्रीमंतांच्या मोटारीही बंद पडतात. पण श्रीमंत संघाला पुढच्या शर्यतीत पुन्हा संधी असते. मिनार्दीला तशी संधी कित्येक वर्षांतून एकदा मिळे. म्हणून ते अश्रू एका माणसाचे नव्हते, साऱ्या कारखान्याचे होते.

सुदैवाने त्याच शर्यतीत संघाचा दुसरा चालक मार्क जेने सहावा आला. त्याच्या मागे, सातव्या क्रमांकावर, फेरारी या बलाढ्य संघाची मोटार होती! वर्षभरात मिनार्दीला तेवढा एकच गुण मिळाला. पण त्याच वर्षी सिगारेट कंपनीच्या अफाट पैशावर उभ्या राहिलेल्या बार या नव्या संघाला एकही गुण मिळाला नव्हता. त्या एका गुणाने मिनार्दी त्याच्या वर, दहाव्या स्थानी राहिला.

तरीही पैशाची चणचण संपली नाही. २००१ च्या सुरुवातीला संघ बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा ऑस्ट्रेलियाचे उद्योजक पॉल स्टॉडार्ट यांनी तो विकत घेतला. पहिली शर्यत जेमतेम एका महिन्यावर होती. कारागिरांनी रात्रीचा दिवस केला आणि मोटारी मेलबर्नला पोहोचल्या. त्या शर्यतीत मिनार्दीकडून एकोणीस वर्षांचा एक स्पॅनिश मुलगा प्रथमच धावला. त्याचे नाव फर्नांडो अलोन्सो. पुढे २००५ आणि २००६ मध्ये तो जगज्जेता झाला. मोठे संघ नवख्याला सहसा घेत नाहीत. लहान संघ मात्र त्याला शिकण्याची जागा देतो.

ही जागा गुणावर मिळे, तशी कधी पैशावरही द्यावी लागे. २००४ च्या हंगामासाठी आपल्या देशाचा चालक नारायण कार्तिकेयन याला मिनार्दीने जागा देऊ केली होती. पण लागणारी रक्कम जमली नाही. २००५ मध्ये तो जॉर्डन संघाकडून धावला आणि फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला.

२००३ मध्ये लहान संघांच्या मदतीसाठी एक निधी उभारण्याचे बोलणे झाले होते. तो पैसा हातात आला नाही, अशी तक्रार स्टॉडार्ट यांनी कॅनडात सर्व पत्रकारांसमोर मांडली. शेवटी २००५ मध्ये त्यांनी संघ रेड बुल या पेय बनवणाऱ्या कंपनीला विकला. एकवीस वर्षांत मिळालेले एकूण गुण होते फक्त ३८. मिनार्दी हे नाव स्पर्धेतून गेले.

नाव गेले, पण कारखाना फाएन्झातच राहिला. संघाचे नवे नाव तोरो रोसो ठेवले गेले. आता पैसा आला होता. तिसऱ्याच वर्षी, २००८ मध्ये, इटलीतीलच मोन्झा येथे सेबास्टियन फेटेल हा या संघाकडून चक्क पहिला आला! म्हणजे फाएन्झाच्या कारागिरांच्या हातात कसब होते. कमी होता तो पैसा.

ही गोष्ट खेळाच्या चालकांनाही उशिरा का होईना पटली. २०२१ पासून संघांच्या वार्षिक खर्चावर मर्यादा घालण्यात आली. पहिल्या वर्षी ती साडेचौदा कोटी डॉलर होती. चालकांचे पगार आणि इतर काही खर्च तिच्यात धरत नाहीत. रक्कम आजही डोळे दिपवणारी आहे, पण सर्वांना एकच मर्यादा आहे.

मित्रांनो, शर्यतीचा निकाल वाचताना आपण वरची तीन नावे वाचतो आणि पान उलटतो. पुढच्या वेळी खालची नावेही वाचा. कोणी किती गुण मिळवले, एवढेच पाहू नका. किती साधनांत मिळवले, हेही विचारा. मग मिनार्दीचा तो एक गुण किती मोठा होता, हे तुमच्या लक्षात येईल.