शिवेवरचा निरोप

पटकीची साथ आली की पूर्वी गावोगाव मरीआईचा गाडा निघायचा. देवीला गाड्यात बसवून वाजतगाजत गावाच्या शिवेपर्यंत न्यायचं, तिथं सोडायचं आणि माघारी फिरायचं. तिथून पुढं तो ओढायचा तो शेजारच्या गावानं, त्याच्या पलीकडच्या शिवेपर्यंत. गाडा पुढं सरकत राही, ओढणारे हात मात्र प्रत्येक शिवेला बदलत. पटकी, म्हणजे कॉलरा, आतड्याच्या पेशीत नेमकं काय करते हे उलगडलं तेव्हा त्या कथेतही एक शीव निघाली आणि तिच्यापाशी बदलणारे हातही.

ही शीव म्हणजे पेशीपटल. जाडी जेमतेम 5 ते 10 नॅनोमीटर, पण ते मेदाचं असल्यानं पाण्यात विरघळणाऱ्या बहुतेक रेणूंना तिथं मज्जाव. अ‍ॅड्रेनलिन त्यांतलंच एक. अंधारात कुत्रं अंगावर धावून आलं की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ते रक्तात सोडतात. काही क्षणांत छाती धडधडू लागते, यकृत साखरेचा साठा मोकळा करतं. पण अ‍ॅड्रेनलिन पेशीच्या आत पाऊलही टाकत नाही. मग आतलं कोठार उघडतं कोण?

अमेरिकेत क्लीव्हलँडला अर्ल सदरलँड आणि त्यांचे सहकारी 1950च्या दशकात याच प्रश्नामागे लागले होते. त्यांनी यकृताचा लगदा केला. त्यात अ‍ॅड्रेनलिन घातलं की साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, फोडणारं विकर जागं व्हायचं. लगदा सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून खालचा गाळ काढून टाकला, आणि वरच्या निवळीवर अ‍ॅड्रेनलिनची मात्रा चालेनाशी झाली. जो एरवी मोरीत ओतला गेला असता, त्या गाळातच पेशीपटलाचे तुकडे होते. मग नुसत्या गाळात अ‍ॅड्रेनलिन घातलं, तो उकळला आणि त्यातून निघालेलं पाणी निवळीत टाकलं. विकर जागं झालं! उकळल्यावर प्रथिनं निकामी होतात. म्हणजे गाळात तयार झालेली वस्तू प्रथिन नव्हती. उष्णतेला दाद न देणारा तो एक चिमुकला रेणू होता. त्याचं नाव सायक्लिक एएमपी. अ‍ॅड्रेनलिन हा पहिला निरोप्या शिवेवर थांबतो आणि आतला प्रवास हा दुसरा निरोप्या करतो. सदरलँड यांना 1971 साली नोबेल मिळालं. खरं सांगायचं तर या विषयातले पुढचे कितीतरी चकचकीत शोध मला या उकळलेल्या गाळापुढं फिके वाटतात.

पण शिवेवर निरोप घेतं कोण? ‘ग्राही’ किंवा रिसेप्टर हा शब्द होता, तरी अशी वस्तू खरोखर असते का, याबद्दल 1970च्या सुमारासही अनेक जाणकार साशंक होते. रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांनी किरणोत्सारी खूण लावलेले रेणू वापरून तिचा माग काढला. त्यांच्या चमूनं 1986 साली या ग्राहीचं जनुक हाती घेतलं. त्या चमूतले ब्रायन कोबिल्का यांनी पुढं, 2011 साली, निरोप देण्याच्या ऐन क्षणी ग्राही कसा दिसतो याचं अणूअणूचं चित्र मिळवलं. गोधडीच्या धावदोऱ्यासारखा हा धागा पेशीपटलात सात वेळा आरपार जातो. बाहेरच्या बाजूला त्याच्या खोबणीत अ‍ॅड्रेनलिन बसलं की आतल्या बाजूला सहावा पदर नॅनोमीटरभर बाहेर कलतो. बस्स, एवढंच. शिवेपलीकडे जातो तो हा कल. अ‍ॅड्रेनलिन जागच्या जागीच.

आत टेकून बसलेलं असतं जी-प्रथिन. मार्टिन रॉडबेल आणि आल्फ्रेड गिलमन यांनी शोधलेला हा मधला गडी. त्याच्या मुठीत जीडीपी नावाचा वापरलेला रेणू असतो (वर्तमानपत्रात हे नाव एरवी भलत्याच पानावर भेटतं). ग्राही कलला की मूठ सुटते, जीडीपी गळून पडतो आणि त्या जागी ताजा जीटीपी येतो. मग जी-प्रथिनाचा अल्फा नावाचा भाग सुटा होऊन शेजारच्या विकराला गाठतो आणि ते विकर भराभर सायक्लिक एएमपी बनवू लागतं. त्यानं चेतवलेलं एक विकर दुसऱ्याला, दुसरं तिसऱ्याला जागं करत जातं. शिवेवर एका रेणूनं कानात सांगितलेली गोष्ट कोठारापाशी पोहोचेपर्यंत दवंडी झालेली असते.

आणि दवंडी एकच असली तरी प्रत्येक पेशी तिचा अर्थ आपापल्या घरच्या सामानानुसार लावते. हृदयाचे स्नायू जोरानं आकुंचन पावतात, श्वासनलिकेचे स्नायू मात्र सैल पडतात. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल याच जातीच्या ग्राहीवर बसून श्वासनलिका मोकळी करतं. पंप ओढल्यावर कधीकधी हात थरथरतात, छाती धडधडते, ते त्यामुळंच: निरोप फुप्फुसासाठी होता, ऐकला इतरांनीही. रक्तदाबाच्या काही रुग्णांना मिळणारे बीटा-ब्लॉकर याच्या उलट. ते खोबणी अडवून बसतात आणि निरोप देत नाहीत, एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तसे.

निरोप सुरू होणं जेवढं महत्त्वाचं, तेवढंच तो थांबणंही. सुटा झालेला अल्फा काही सेकंदांत आपल्याच मुठीतला जीटीपी तोडतो आणि शांत होतो. सायक्लिक एएमपी मोडणारं विकर वेगळं, खुद्द ग्राहीला बूच लावणारं प्रथिन आणखी वेगळं. कुत्रं निघून गेल्यावर धडधड ओसरते ती या सगळ्यांच्या मेहनतीनं.

पटकी घाव घालते तो नेमका इथं. जंतू सापडला तरी तो मारतो कसा, हे कोडंच होतं. कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी 1959 साली दाखवलं, की जंतू पूर्ण गाळून काढलेलं द्रावणही सशाच्या बांधलेल्या आतड्यात घातलं तर आतडं पाण्यानं टम्म फुगतं. म्हणजे जंतू बाहेर सोडतो त्या विषाचं हे काम. साध्या सामग्रीवर केलेला एवढा मोठा शोध, पण डे यांना नोबेल कधीच मिळालं नाही. पुढं विषाचा मार्गही उलगडला. अ‍ॅड्रेनलिन शिवेवर थांबतं, हे विष मात्र थांबत नाही. त्याच्या पाच भागांचं कडं पेशीपटलावरच्या साखर लागलेल्या मेदाला चिकटतं आणि सहावा भाग आडवाटेनं आत शिरतो. तो अल्फावर एक रासायनिक पाचर ठोकतो. अल्फाला आता जीटीपी तोडताच येत नाही. बटण चालू स्थितीत अडकतं, सायक्लिक एएमपी साचत राहतो, क्लोराइडची दारं सताड उघडतात आणि क्षारांमागोमाग पाणी आतड्यात धावतं. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू होतात. तीव्र आजारात तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं.

पाचर निघत नाही, पण तिला वळसा घालता येतो. आतड्याच्या पेशीला आणखी एक दार आहे. त्यातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत येतात आणि पाण्याला ओढून आणतात. हे दार पटकीतही चालू राहतं. 1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या लोंढ्यात पश्चिम बंगालमधल्या बनगावला पटकी भडकली, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेलं पाणी पिंपांत भरून ठेवलं. रुग्णांचे नातेवाईकच ते पेल्यापेल्यानं पाजत होते. मृत्यूंचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर उतरलं. आपली जलसंजीवनी ती हीच. तिच्यानं जुलाब लगेच थांबत नाहीत, म्हणून घरची माणसं पुष्कळदा मध्येच ती बंद करतात. पण पाचर बसलेल्या पेशी आपलं चार-पाच दिवसांचं आयुष्य संपवून गळून पडेपर्यंत, नव्या पेशी येईपर्यंत, पेला रिकामा ठेवायचा नसतो.