कोठडीत तुटलेली दारू आणि हक्काचं औषध

पेण किंवा रोह्यात कुणाला अटक झाली की आधी पोलीस कोठडी, आणि न्यायालयीन कोठडी मिळाली तर बहुधा अलिबागचं जिल्हा कारागृह, म्हणजे हिराकोट किल्ला. माणूस रोज पिणारा असेल तर घरचे म्हणतात, "बरं झालं, चार दिवस आत राहिला की आपोआप सुटेल." यासारखा घातक गैरसमज दुसरा नाही.

रोजची भरपूर दारू एकाएकी तुटली की काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या दिवसाच्या आसपास काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं हाका मारतात. पहाऱ्यावरच्याला वाटतं नाटक करतोय, शेजारच्याला वाटतं बाधा झाली. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत डायझेपामसारखं औषध आणि बी-१ जीवनसत्त्व वेळेवर मिळालं, तर बहुतेक जण सावरतात. यातलं काहीही महाग नाही.

"पण दारुड्यावर सरकारचा पैसा का?" कारण २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित विकार मानसिक आजारांत धरले आहेत, आणि सरकारी खर्चाच्या सेवेवर प्रत्येकाचा हक्क मान्य केला आहे. कैदी त्यातून वगळलेले नाहीत. कलम १०३ प्रमाणे राज्यातल्या किमान एका तुरुंगात मानसिक आरोग्य केंद्र हवं. ही अट मला फार तोकडी वाटते. धोका पहिल्या तीन-चार दिवसांचा असेल, तर औषध जिल्ह्याच्या कारागृहातच हवं.

गर्दच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन देणं म्हणजे एक नशा काढून दुसरी लावणं, हेही खरं नाही. जिभेखाली ठेवायच्या या गोळीने तलफ आणि अंगदुखी थांबते, ठरल्या मात्रेत झिंग चढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००५मध्ये तिला अत्यावश्यक औषधांत घेतलं. तिहारमध्ये आणि पंजाबच्या तुरुंगांत ती दिली गेली आहे. औषधाविना नुसतं कोंडून ठेवलेल्याची सवय मोडते, तलफ मात्र राहते. सुटल्यावर तो जुनीच मात्रा घेतो आणि श्वास बंद पडतो. सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे म्हणूनच सर्वांत जोखमीचे.

अटकेनंतर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ नुसार वैद्यकीय तपासणी होते. रोज किती पितो, शेवटचा कधी प्यायला, पूर्वी फिट आली होती का, हे डॉक्टरांना तेव्हाच सांगा. लाजेखातर लपवू नका. औषध चालू असेल तर चिठ्ठीची प्रत जोडून वकिलामार्फत दंडाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. व्यसनमुक्तीची सरकारी मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे.