परक्या छावणीतली रीतभात

मस्कतच्या अल् खुवैर भागात एकीकडे ओमानच्या मंत्रालयांची रांग आहे आणि दुसरीकडे, समुद्राच्या अंगाला, परदेशी दूतावासांची वसाहत. भारताचा दूतावास इथेच आहे. पण या दोन देशांचे नाते दूतावासापुरते नाही; त्यांच्यात लष्करी सहकार्याचा करार 2005 मध्ये झाला. आखातात ज्या देशाबरोबर भारताच्या भूदल, नौदल आणि हवाई दल या तिन्ही दलांनी संयुक्त सराव सुरू केले, असा पहिला देश ओमानच. नौदलांचा ‘नसीम अल् बहर’ 1993 पासून चालत आला आहे आणि 2024 च्या ऑक्टोबरात तो गोव्यात झाला. हवाई दलांचा ‘ईस्टर्न ब्रिज’ 2009 चा. भूदलांचा ‘अल् नजाह’ त्या मानाने धाकटा, 2015 चा. पण माणसांची खरी सरमिसळ होते ती याच सरावात, कारण इथे दोन देशांचे जवान पंधरवडाभर एकाच छावणीत राहतात, जेवतात आणि झोपतात.

2019 मध्ये हा सराव ओमानच्या जबल अल् अख्दरच्या डोंगरात झाला, 2022 मध्ये राजस्थानच्या महाजन रेंजवर आणि 2024 मध्ये सलालाजवळच्या रबकूट इथे. रबकूटला दोन्हीकडचे प्रत्येकी 60 जवान होते. बंदूक, नकाशा आणि बिनतारी संच यांची भाषा सगळ्या सैन्यांना थोडीफार कळते. संध्याकाळी चटईवर बसल्यावर जे सुरू होते, ते शिकवावे लागते.

ओमानी कॉफीचेच घ्या. वेलदोडा घातलेली, बिनसाखरेची, फिकट रंगाची ही कहवा 2015 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली आणि अरबांची बैठक, म्हणजे मजलिस, तीही त्याच वर्षी. वाढणारा डाव्या हातात चोचीची किटली धरतो आणि उजव्या हाताने बिनकानाचा छोटा पेला पुढे करतो. तो उजव्याच हाताने घ्यायचा. पेला काठोकाठ कधीच भरत नाहीत, कारण पाहुण्याला पुन्हापुन्हा वाढता आले पाहिजे. रिकामा पेला नुसता परत केला की तो पुन्हा भरला जातो. पुरे झाले हे सांगण्यासाठी पेला दोन बोटांत धरून डावीउजवीकडे हलकेच हलवायचा. अरब टोळ्यांमध्ये याहून विलक्षण रीत आहे: पाहुण्याने भरलेला पेला ओठाला न लावता खाली ठेवला, तर त्याला काही मागायचे आहे असा अर्थ होतो, आणि यजमानाने शब्द दिल्याशिवाय तो कॉफी पीत नाही. कॉफी आवडली नाही म्हणून एखाद्या जवानाने पेला सहज बाजूला ठेवला, तर समोरच्या वृद्ध शेखाच्या मनात काय काय येईल!

कॉफीबरोबर खजूर येतो, कधी हलवा. मग विचारपूस. ती घाईने आटोपायची नसते. तब्येत, घरची मंडळी, वाटेतला प्रवास, पाऊसपाणी, वाटेवर कळलेली बातमी, आणि त्यानंतरच कामाचे बोलणे. घरच्या बायकांची नावे घेऊन चौकशी करत नाहीत. जेवण एका मोठ्या ताटात येते, आपल्या समोरच्या भागातूनच खातात, तेही उजव्या हाताने. बसताना तळपाय कुणाकडे करत नाहीत. स्त्रीने हात पुढे केल्याशिवाय हस्तांदोलन करत नाहीत. शेवटी लोबानाचा किंवा सुगंधी लाकडाचा धूप फिरतो आणि तो आला की बैठक उठते. आपल्याकडे अत्तरगुलाब, पानसुपारी झाली की दरबार बरखास्त होई, तसेच हे.

या साऱ्याला कुणी वरवरचा शिष्टाचार म्हणेल. ज्यांना तसे वाटते त्यांनी 1820 चा इतिहास जरूर वाचावा, कारण तो थेट मुंबईच्या फौजेचा आहे.

ओमानच्या पूर्वेला बनी बू अली ही टोळी राहत होती. तिच्यावर चाचेगिरीचा आरोप आला, तिच्याकडे निरोप घेऊन गेलेला माणूस मारला गेला, आणि किश्म बेटावरचा ब्रिटिश अधिकारी कॅप्टन थॉम्प्सन मुंबईच्या शिपायांना घेऊन, मस्कतचे तेव्हाचे राज्यकर्ते सय्यद सईद यांच्या सैन्यासह, वाळवंटात शिरला. थॉम्प्सनला अरबी येत होती. पण ही माणसे कशी लढतात, कशासाठी मरायला तयार होतात, याचा अंदाज त्याला नव्हता. नोव्हेंबर 1820 मध्ये टोळीने फौजेची दाणादाण उडवली. एका ब्रिटिश गोलंदाजाला वाचवताना खुद्द सय्यद सईद यांच्या हाताला गोळी लागली. पुढच्या वर्षी मुंबईहून जनरल लायोनेल स्मिथच्या हाताखाली मोठी मोहीम निघाली, सूरला उतरली आणि मार्च 1821 मध्ये टोळीचा पाडाव झाला. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जुन्या रणसन्मानांत ‘बेनी बू अली’ हे नाव आहे ते या मोहिमेचे. बेळगावचे मराठा केंद्र ज्यांना परिचयाचे आहे, त्यांना ते नाव वाचून माहीत असेल. ते गाव ओमानात आहे, हे किती जणांना ठाऊक असते?

पुढचा भाग मला लढाईपेक्षा मोठा वाटतो. टोळीच्या कैद्यांना मुंबईला आणले होते. गव्हर्नर एल्फिन्स्टनने त्यांची सुटका करून त्यांना घरी पाठवले, आणि घरे पुन्हा उभारायला पैसेही दिले. 1835 मध्ये मुंबईच्या इंडियन नेव्हीतला लेफ्टनंट वेल्स्टेड या टोळीच्या मुलखात गेला. पाडावानंतर तिथे पोचलेला तो पहिला युरोपीय. आपली घरे ज्या फौजेने उद्ध्वस्त केली, तिच्याच देशाचा हा माणूस, पण टोळीने त्याला मेजवानी दिली आणि त्याच्यासमोर युद्धनृत्य केले. पाहुणा म्हणून आलेल्याचे वैर धरायचे नाही, ही त्यांची रीत, आणि दिलेल्या उदारपणाची आठवण ठेवायची, हीही.

मस्कत आणि मुंबई यांचे येणेजाणे पुढेही तुटले नाही. अल् खुवैरमधली देखणी, तुर्की घाटाच्या घुमटांची मशीद ज्यांच्या नावाची, ते सुलतान सईद बिन तैमूर अजमेरच्या मेयो कॉलेजात शिकले. त्यांचे वडील सुलतान तैमूर यांनी 1932 मध्ये गादी सोडली आणि 1965 मध्ये त्यांचा मृत्यू मुंबईत झाला. बलुचिस्तानातले ग्वादर 1958 पर्यंत ओमानकडे होते, त्यामुळे ओमानी सैन्यात बलुची जवानांची जुनी परंपरा आहे. मस्कतमध्ये हिंदी-उर्दू सहज चालते. पण भाषा समजली म्हणजे माणूस समजला, असे धरून चालणाऱ्याची इथे हमखास गफलत होते.

दुसऱ्या देशाच्या सैन्याबरोबर गेले की हा सगळा धडा पुन्हा पहिल्यापासून गिरवावा लागतो. थायलंडबरोबर भारताचा ‘मैत्री’ सराव 2006 पासून आहे. 2024 मध्ये तो थायलंडच्या ताक प्रांतात झाला, 2025 मध्ये मेघालयात उमरोईला. पुण्याच्या औंध लष्करी तळावर 2018 मध्ये बिमस्टेक, म्हणजे बंगालच्या उपसागराभोवतीच्या गटातल्या देशांचा सराव झाला, तेव्हा थायलंडचे निरीक्षक आले होते. थायलंडमध्ये डोके हा शरीराचा पवित्र भाग मानतात, म्हणून कौतुकानेही कुणाच्या डोक्यावर हात ठेवत नाहीत. पाय कुणाकडे, विशेषतः बुद्धमूर्तीकडे, रोखायचे नाहीत. नमस्काराला हात किती वर न्यायचे हे समोरच्याच्या मानावर ठरते आणि धाकट्याने आधी करायचा असतो. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा वाजता राष्ट्रगीत लागले की लोक जागीच उभे राहतात. राजघराण्याविषयी सैल शब्द अजिबात नको. आणि चूक चारचौघांत दाखवायची नाही. सरावानंतरच्या चर्चेत आपल्याकडे उणीदुणी मोकळेपणाने मांडतात, त्यामुळे आपल्या अधिकाऱ्याला हे सर्वांत जड जात असावे. कनिष्ठांसमोर ज्याची चूक काढली, तो थाई सहकारी हसून मान डोलावेल आणि उद्यापासून काही सांगायचा बंद होईल.

हे ज्ञान अधिकाऱ्यांच्या वर्गातच राहू नये असे मला कळकळीने वाटते. मजलिसीत शिपाईही बसतो आणि हवालदारही, तेव्हा त्यांच्या भाषेत, मराठीतसुद्धा, त्यांना हे आधी समजावून सांगायला हवे. मस्कतमध्ये नोकरीव्यवसायाच्या निमित्ताने वर्षानुवर्षे राहिलेली मराठी कुटुंबे आहेत. ओमानी शेजाऱ्यांच्या सुखदुःखात ती गेली आहेत, ईदला भट्टीच्या खड्ड्यात रात्रभर शिजलेले मांस, म्हणजे शुवा, त्यांनी खाल्ले आहे, रमजानात दिवसा बाहेर खाणेपिणे टाळायचे हे त्यांच्या मुलांच्याही अंगवळणी पडले आहे. सरावाला निघणाऱ्या तुकडीसमोर अशा एखाद्या गृहस्थाला किंवा गृहिणीला तासभर बोलायला बोलवावे. पेला कसा हलवायचा, हे ती व्यक्ती प्रत्यक्ष करून दाखवू शकेल.