मचाणावर ड्रोन आला तर

नोव्हेंबरातली पहाट, अमेरिकेतल्या मिशिगनमधलं स्वतःच्या मालकीचं रान. शिकारी तासभर मचाणावर दबा धरून बसलेला. समोर हरीण कान टवकारतं आणि तेवढ्यात शेजाऱ्याचा ड्रोन भुणभुणत डोक्यावर येतो. हरीण पसार! संताप येणारच, पण बंदूक वर करू नका. तिथल्या केंद्रीय कायद्याच्या लेखी ड्रोन हेही विमानच. ते पाडल्यास २० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

जमीन माझी, मग वरचं आकाश कोणाचं? नॉर्थ कॅरोलायनातल्या एका कुक्कुटपालकाच्या रानावरून लष्करी विमानं अवघ्या ८३ फुटांवरून जात. घाबरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मरत. १९४६ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला: जमिनीलगतच्या, वापरात येईल एवढ्या हवेवर मालकाचा हक्क आहे. नेमकी उंची मात्र ठरवली नाही, आणि ते घोंगडं अजून भिजतच पडलंय.

म्हणून आधी शेजाऱ्याच्या दारी जाऊन हंगामाच्या तारखा सांगाव्यात. बऱ्याचदा त्याला कल्पनाच नसते. तरीही ऐकलं नाही, तर वेळ टिपून, व्हिडिओ घेऊन वन्यजीव अधिकाऱ्याकडे तक्रार करावी. ड्रोननं शिकाऱ्याला मुद्दाम त्रास देण्यास मिशिगनमध्ये २०१५ पासून बंदी आहे.